नऊ नंबरचा उंबर

माझा दगड त्याला लागला नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढं गावात बरंच काही बोललं गेलं, त्यात हेही एक होतं. दगड लागला सायकलच्या मडगार्डाला, आणि तोही मी पाखरांवर सोडलेला.

आश्विन सरत आला होता. कोळवणच्या खोऱ्यात भात पिवळं पडू लागलं होतं आणि आमचं वावर नेमकं रस्त्याला लागून. पाखरं राखायचं काम माझं. बांधावर चार वाशांची माची, वर मी, हातात गोफण. खाली माचीच्या सावलीत तुळजाआत्या, डोळे मिटून पण कान उघडे ठेवून. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला न कळता आमच्या घरात मांजरही कधी दूध प्यालं नसेल.

ठण्ण असा आवाज झाला आणि रस्त्यावरून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "गेल्या."

"कोण गेल्या?" मी वरून विचारलं.

"मुनिया. लाल चोचीच्या. मी मोजत होतो."

खाली एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. सायकल कमरेला टेकवलेली, गळ्यात दुर्बीण. त्यानं मडगार्डाकडं पाहिलंसुद्धा नाही. पाखरं उडाली त्या दिशेकडं, कोणी ओळखीचं माणूस एसटीत बसून गेल्यावर पाहावं तसा, बघत राहिला होता.

"मोजून काय करनार? तुमच्या वावरातली हायेत?"

"नाही. कुणाच्याच वावरातली नाहीत."

"मंग आमच्याच भातावर कशी बसत्यात?"

तो विचारात पडला. खरोखरच पडला. आमच्याकडं लोक प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतात; प्रश्नाचा विचार करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"तुम्ही गोफण जरा थांबवलीत," तो म्हणाला, "तर त्या परत येतील. मला मोजता येतील."

"थांबवते की. तेवढ्या येळात त्या जे खातील ते तुमी भराल?"

"किती खातात त्या?"

"ते तुमीच मोजा. हौस हाय न्हवं तुमास्नी."

आत्यानं डोळे न उघडता विचारलं, "गोजरे, कोण गं त्यो?"

"कुणी न्हाई आत्या. वाटसरू."

"वाटसरू वाट धरून जातो. ह्यो थांबलाय."

मी गोफण खाली ठेवली. थोडाच वेळ. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, भाताचं त्या दिवशी जे नुकसान झालं ते माझ्या खात्यावर, हे मी तेव्हाच मनाशी मान्य केलं.

त्याचं नाव वाल्मीक निकुंभ. खानदेशाकडचा. पुण्याच्या एका कॉलेजात तो प्राध्यापक होता असं आमच्या गावात सांगितलं जाई, पण त्यानंच मला दुरुस्त केलं: तो प्रयोगशाळेत पोरांना बेडूक कापून दाखवायचा. शनिवारी दुपारच्या एसटीनं पौडला उतरायचा, टपावरून सायकल उतरवून घ्यायचा, आणि रविवारी उन्हं कलेपर्यंत कोळवणच्या रस्त्यानं पाखरं बघत हिंडायचा. कशासाठी, असं विचारलं तर म्हणे, कोणतं पाखरू कुठं राहतं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. याचा मोबदला कोण देतं, असं विचारलं तर म्हणे, कोणी नाही.

माणसं मनात तोलायची मला लहानपणापासून खोड. त्याच्या खर्चाच्या बाजूला मी लिहिलं: बिनफायद्याचा छंद, वाऱ्यावर उडणारे केस, बोलण्याआधी लागणारा वेळ. जमेच्या बाजूला: चपलेला टाच मारून घेतो, नवी घेत नाही. आत्याला वाकून रामराम करतो. आणि दगडाबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. जातीनं आपल्यातलाच निघाला. हे मी मुद्दाम काढून घेतलं नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल.

भातं निघाली, माची मोडली. पण आमची म्हैस वळकी नदीच्या काठाला न्यायची तर वाट त्याच रस्त्यानं होती, आणि ती शनिवारी जरा उशिरा तहानायला लागली, त्याला माझा काय इलाज.

रस्त्याच्या एका कडेनं मी आणि म्हैस. दुसऱ्या कडेनं तो आणि सायकल. मध्ये रस्ता. सगळा हिवाळा आमच्यामध्ये तो रस्ता होता, आणि कोणी समोरून आलं तर आम्ही दोघं दोन वेगळ्या गावांना निघालेली माणसं दिसत होतो. पहिल्या दिवशी त्यानं मला 'बाई' म्हटलं. मग नुसतंच 'अहो'. मग काहीच नाही. बोलायचं असलं की घंटी एकदा वाजवायचा, हलकेच.

एकदा तो मैलाच्या दगडापाशी थांबला. ओढ्याच्या ओल्या वाळूवर एक बारकं, पांढरं-करडं पाखरू शेपटी हलवत पळत होतं.

"धोबी," तो म्हणाला. "हिमालयापलीकडून आलाय. बघायचाय?"

मी मान हलवली. मला वाटलं, दुर्बीण हातात देईल. त्यानं ती गळ्यातून काढली, मैलाच्या दगडावर ठेवली, आणि रस्ता ओलांडून आपल्या कडेला जाऊन उभा राहिला. मग मी ती उचलली. पट्टा उबदार होता.

धोबी एकदम माझ्या नाकासमोर आला. त्याच्या डोळ्यात सूर्याचा एक ठिपका होता… इतक्या लांबून आलेला जीव, आणि आमच्या ओढ्यात आपलं घर असल्यासारखा चालत होता. मला काय झालं कोण जाणे. ते दिसू नये म्हणून मी दुर्बीण फिरवली आणि वाल्मीककडं धरली.

"उलटी धरलीय तुम्ही," तो पलीकडून म्हणाला.

"ठावं हाय. तुमी लांबच बरं दिसताय."

"किती लांब?"

"पार खानदेशात."

तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "खानदेशातून मी इथंच बघत असतो." मग त्यानं सायकलची साखळी बघायला घेतली. साखळी चांगली होती.

फाल्गुनात घरट्यांचे दिवस आले. कोणत्या झाडावर कोणाचं घरटं, हे पुढच्या वर्षी सापडावं म्हणून तो बुंध्यांना चिंध्या बांधायचा. चिंध्या शेरडं खात. मी म्हटलं, घरी गेरू आहे, आकडे टाकू. तो इंग्रजी आकडे टाकायला लागला.

"आमच्या रस्त्यावरची झाडं मराठी शाळेत गेलेली हायेत," मी म्हटलं, आणि ब्रश त्याच्या हातून घेतला. घेताना बोटाला बोट लागलं. दोघंही गेरूकडं बघत राहिलो.

आकडे मी टाकले. पहिला आंबा, तिथं तांबट. दुसरा करंज, तिथं होला. असं करत वळकीच्या वळणावरच्या जुन्या उंबरापर्यंत आलो. तो नववा. माझा नऊ शाळेतल्या मास्तरांनी कितीदा दुरुस्त करूनही सुधारला नव्हता. त्याची शेपटी खाली येऊन विळ्यासारखी आत वळते. घरच्या भाताच्या पोत्यांवरही तोच नऊ.

उंबरावर, दोन पुरुष उंचीवर, एक ढोली होती आणि ती मातीनं लिंपून बंद केलेली. मध्ये फक्त एक चीर.

"धनेश," तो कुजबुजला. "मादी आत आहे. तिनं आतून भिंत घातलीय. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येणार नाही. नर चिरेतून चारतो."

"नरानं कोंडली तिला?"

"नाही. तिची तिनंच."

"येडी हाय," मी म्हटलं. पण मान वरच होती. "आन त्यो आला न्हाई तर?"

"येतो तो."

"आला न्हाई तर, म्हनलं मी."

यावेळी त्यानं फारच वेळ घेतला. "तर ती भिंत फोडते. पण आत तिची पिसं झडलेली असतात… लगेच उडता येत नाही."

तेवढ्यात नर आला. राखी रंगाचा, मोठ्या वाकड्या चोचीचा, पंख वाजवत. चिरेतून आतल्या चोचीचं टोक बाहेर आलं. फळ इकडून तिकडं गेलं. एवढंच. पण ते बघताना आम्ही दोघं रस्त्याच्या एकाच कडेला उभे होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"मी दर शनिवारी येतो," वाल्मीक झाडाकडं बघत म्हणाला.

"उंबराला सांगताय का मला?"

"उंबराला. तुम्हाला सांगायचं धाडस अजून…"

म्हैस हंबरली. मी निघाले. त्या रात्रीपासून जमाखर्च मांडायचा मी सोडून दिला. कारण बाजू कोणतीही धरली तरी उत्तर तेच येत होतं.

चैत्रात पौडचं स्थळ आलं. आबांनी जेवताना सांगितलं. हैबतराव म्हणून गावात त्यांना मान, पण घरात मोजकं बोलणारे. मुलगा शिकलेला, घरची भातशेती, सासू मायाळू. स्थळात खोट सापडेना, आणि मी शोधली होती. अक्षय्य तृतीयेनंतर सुपारी फोडायची ठरली.

शनिवारी मी रस्त्याच्या माझ्या कडेनं जाता जाता सांगितलं, "पौडचं स्थळ आलंय."

घंटी वाजली नाही. सायकलचं चाक तेवढं टिकटिकत होतं.

"चांगलं आहे?"

"लई चांगलं हाय."

"मग…"

"मंग काय?"

"मग मी काय बोलणार."

"तुमी मोजा," मी म्हटलं. "पाखरं मोजा तुमी." आणि म्हशीला उगाचच एक छडी मारली. ती बिचारी आजवर कधी मार न खाल्लेली. थांबून माझ्याकडं बघत राहिली.

आता गावाचं सांगायला हवं.

आबांचं मूळ गाव मुळशीच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा ते लहान होते. एक दिवस धरणवाल्यांची माणसं आली, घराच्या उंबऱ्यापाशी चुन्यानं आकडा टाकला आणि गेली. आजोबा म्हणाले, पुसू नका, सरकारी आहे. कोणी पुसला नाही. पुढं पाणी त्या आकड्यावरून गेलं. दर वैशाखात पाणी उतरलं की आबा एकटे जातात, काठावर बसतात, आणि परत येऊन कोणाशी बोलत नाहीत. आमच्या खोऱ्यात अशी बरीच घरं आहेत, तिकडून उठून इकडं आलेली. त्यात आदल्या वर्षी पानशेत फुटलं होतं. धरण हा शब्द निघाला की माणसं भाकरी हातात धरून थांबत.

अशा गावाच्या रस्त्यावर झाडांना आकडे पडले होते, आणि ते मी टाकले होते. टाकताना मला हातातला ब्रश दिसत होता आणि शेजारचा माणूस. आबांचा उंबरा दिसला नाही.

आठवड्यात बातमी पसरली: धरणाची उंची वाढणार, पाणी कोळवणात येणार, मोजणीवाला दुर्बीण घेऊन हिंडतो, खुणा झाल्या. लगोलग पुण्याहून एक शेठ जीप घेऊन आला. म्हणाला, सरकार घेईल तेव्हा घेईल, मी आज घेतो. लोक हात जोडून त्याच्या जीपभोवती उभे राहिले. बाजारात म्हातारी म्हैस विकतात तसे भाव ठरू लागले.

आबा रस्त्यानं एक चक्कर मारून आले. ओसरीवर बसले. पाणी मागितलं, प्याले नाहीत. माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत्याला म्हणाले, "म्या बी रस्त्यालगतचं वावर देतो म्हनून सांगितलंय. सोमवारी कागद."

माचीचं वावर. मी चुलीपाशी होते. तोंड उघडलं, आणि मिटलं. सांगायचं तर एवढंच होतं: ते आकडे पाखरांचे आहेत. पण पुढचा प्रश्न येणारच होता, तुला कसं ठाऊक? आणि त्याचं उत्तर पौडला पोचायला एक दुपारही लागली नसती. वाटलं, शनिवारी वाल्मीक येईल, तोच सांगेल. शहरातल्या माणसाचं ऐकतील.

शनिवारी लोकांनी त्याला रस्त्यातच धरलं.

आत्या आणि मी पोचलो तेव्हा चावडी भरली होती. बायका बाहेर कट्ट्याशी. आत वाल्मीक जमिनीवर बसलेला, कोपर खरचटलेलं, सदरा धुतलेला आणि इस्त्रीचा. एवढं मी पाहिलं. पाखरं बघायला तो कधी इस्त्री करून आला नव्हता. दुर्बीण सरपंच भैरूअण्णांच्या मांडीवर. खांबाला टेकून आबा, मान खाली.

"परत सांग," भैरूअण्णा म्हणाले. "आकडं कशाचं?"

"पाखरांच्या घरट्यांचे. मी टाकले."

लोक हसले. ते हसणं बरं नव्हतं.

"सरकार आता पाखरांची बी घरं घेनार व्हय?" मागून कोणीतरी म्हणालं. "त्यांस्नी पर्यायी जमीन कुटं देनार?"

"मी सरकारचा माणूस नाही."

"तूच टाकलंस न्हवं? मंग लिव." भैरूअण्णांनी गेरूचा खडा पुढं सरकवला. "भितीवर लिव. नऊ."

त्यानं उठून लिहिला. सरळ शेपटीचा, पुस्तकातला नऊ. लिहून परत खाली बसला.

भैरूअण्णा बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. "उंबरावरला नऊ म्या सोता बघितलाय. त्यो ह्या हाताचा न्हाई." त्यांचा आवाज खाली आला. "म्हंजी ह्याच्या मागं अजून मानसं हायेत. कोन हाय दुसरा? नाव सांग, आन सायकल घेऊन जा."

"दुसरं कोणी नाही."

"नाव सांग."

वाल्मीकनं मान वर केली. बाहेर, बायकांत, मी उभी होते ते त्याला दिसलं. त्यानं नजर लगेच काढून घेतली, जणू त्या कट्ट्याशी कोणीच नव्हतं. "नाव नाही सांगणार," तो म्हणाला. "काय करायचं ते करा."

कोणीतरी दुर्बीण उचलली. कोणीतरी म्हणालं, पौडला फौजदाराकडं न्या. दुसरा म्हणाला, फौजदार कशाला लागतो. वाल्मीक तसाच बसून होता. आणि मला ती ढोली आठवली. मातीची भिंत, आणि आत गप्प बसलेली ती. पण तिनं भिंत पिल्लांसाठी घातली होती. माझी भिंत कशासाठी होती? माझ्या भिंतीबाहेर एक माणूस मार खाणार होता आणि सोमवारी आबांचं वावर जाणार होतं.

आत्यानं माझं मनगट धरलं. तिला कळलं होतं. तिला नेहमीच कळतं. "गोजरे," ती हळूच म्हणाली, "पाऊल टाकलंस की मागं यायचं न्हाई."

"व्हय आत्या."

तिनं हात सोडला.

चावडीत बाई चढत नाही. मी चढले. गेरूचा खडा उचलला आणि त्याच्या नऊच्या खाली माझा नऊ काढला, विळ्यासारख्या शेपटीचा. शेपटी आत वळायची ती वळलीच.

"दुसरा कुणी न्हाई," मी म्हटलं. "म्या हाय."

मग मी सांगत गेले. पहिला आंबा, तिथं तांबट. दुसरा करंज, होला. एकेक झाड, एकेक घरटं. ज्याला खोटं वाटतं त्यानं जाऊन बघावं. पाणी येत नाही. कोणी वावर विकू नये.

भैरूअण्णांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "आन तू… ह्याच्यासंगं रस्त्यानं…"

"रस्ता मधी हुता," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी हिशेब केला. मला तो एकेकाच्या तोंडावर होताना दिसत होता. वावरं वाचली, ही जमा. हैबतरावाची पोर गेली, हा खर्च.

वाल्मीक उठून आबांसमोर उभा राहिला. "आबा, मी आज पाखरं बघायला आलो नव्हतो. तुमच्याच घरी यायला निघालो होतो. मला विचारायचं होतं—"

"एसटी निघंल," आबा म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. "जावा."

त्यानं दुर्बीण घेतली. जाताना माझ्याकडं एकदाच पाहिलं. ते पाहणं काय होतं, ते मी कोणत्या बाजूला लिहू.

स्थळ मोडल्याचा पौडचा निरोप संध्याकाळच्या आत आला. जीपवाला शेठ कागद गुंडाळून गेला, आणि त्यानंतर त्याचा चेहराही कोणी पाहिला नाही. गावानं ठरवलं, आकडे पुसायचे. आणि ज्या हातानं टाकले त्याच हातानं.

सकाळी मी बादली भरली, नारळाच्या काथ्याचा चोथा घेतला. आबा ओसरीवरून उतरले आणि न बोलता बादली माझ्या हातातून घेतली. ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालू लागले. मी या कडेनं. मध्ये रस्ता.

पहिल्या आंब्यापाशी त्यांनी बादली ठेवली. मी आकडा घासला. लाल पाणी मुळाशी उतरलं. दुसरं झाड, तिसरं. ते बादली आणून ठेवत, परत आपल्या कडेला जात. चौथ्या झाडापाशी मला राहवलं नाही.

"आबा, म्या आधी बोलाया पायजे हुतं. तुमी वावर द्याया निघाला…"

ते पलीकडून, रस्त्याशी बोलावं तसे बोलले. "त्या दिशी चक्कर माराया आलतो. उंबरावरला नऊ बघितला. माज्या पोत्यांवर वरसानुवरसं बघतोय त्यो नऊ."

मी चोथा हातात धरून उभी राहिले. "म्हंजी तुमास्नी ठावं हुतं? पानी न्हाई येनार, हे?"

"व्हय."

"मंग वावर कशापायी देत हुता?"

"समदं गाव इकायला निघालं, आन हैबतराव एकला गप ऱ्हायला, तर इचारनारच की… तुला कसं ठावं." त्यांनी बादली उचलली. "वावर परत घेता येतं, गोजरा. पोरीचं नाव न्हाई घेता येत."

सोमवारी ते कागदावर अंगठा उठवणार होते, सगळं ठाऊक असून. आणि लोकही विकत होते हे त्यांना दिसत होतं, त्याचंही ओझं त्यांच्या मानेवर होतं. म्हणूनच चावडीत ती मान वर होत नव्हती. माझ्या वडिलांना मी आयुष्यभर तोलत आले होते, आणि माझं तागडं एवढं वजन घेणारं नव्हतं.

"तू बोललीस ते बरं केलंस का वंगाळ, मला ठरवता येईना," ते थोड्या वेळानं म्हणाले. "पर माज्यानं झालं नसतं."

उरलेली झाडं आम्ही एकेक करून पुसली. वळकीच्या वळणावर उंबर आला. मी चोथा भिजवला आणि तेवढ्यात वरून पंखांचा आवाज झाला. धनेश आला होता. ढोलीशी बिलगला, चिरेतून चोचीचं टोक बाहेर आलं, फळ आत गेलं. तो उडून गेला. आबा वर बघत राहिले.

"आत कोन हाय?"

"मादी. आन पिल्लं."

"कुणी कोंडली?"

"कुणी न्हाई. तिची तिनंच."

आबांनी घसा साफ केला. धनेश पुन्हा आला, पुन्हा गेला. उन्हं झाडाच्या बुंध्यावर, माझ्या वेड्यावाकड्या नऊवर आली होती.

"रोज येतो ह्यो?"

"दिसातनं लई बारी येतो."

"आन एखांद्या दिशी हाकलला कुणी तर?"

"येतो," मी म्हटलं. मग खरं ते सांगितलं. "मला ठावं न्हाई, आबा."

मी चोथा उचलून आकड्यावर ठेवला. आबा रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"गावानं समदं पुसाया सांगितलंय."

"सांगू दे. आमच्या उंबऱ्यावरला आकडा पुसाया पायजे हुता, त्यो कुणी पुसला न्हाई. ह्यो ऱ्हायला म्हनून कुनाचं घर बुडत न्हाई." त्यांनी चोथा माझ्या हातून काढून घेतला, पिळला. "शनवारी त्याला झाड सापडाया नगो?"

बादलीत उरलेलं पाणी त्यांनी उंबराच्या बुडाशी ओतलं, सावकाश, रोपाला घालावं तसं. मग रिकामी बादली उचलून घराकडं निघाले. माझ्या कडेनं, माझ्याशेजारून.